स्लिमची इरावती मोहीम, १९४४-४५ : रविवारच्या नकाशा-बैठकीआधी मुद्दे जमवूया

पर्वतीकर

मंडळी, रविवारी टिळक रोडवर नेहमीच्या जागी ब्रह्मदेशाचा नकाशा पसरायचा ठरलंय. विषय दुसऱ्या महायुद्धात तिथे जपान्यांशी लढलेला ब्रिटिश जनरल विल्यम स्लिम आणि त्याची १४ वी आर्मी. पुण्यात सेनापतींवर बोलणं निघालं की आधी पालखेड, मग रोमेल, मग मॉंटगोमेरी, आणि मग चहा येतो. स्लिमपर्यंत गाडी पोचतच नाही. त्याच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी, तो स्वतः गुरखा पलटणीतून वर आलेला आणि जवानांशी त्यांच्या बोलीत बोलणारा, तरीही.

सांगाडा मी मांडतो, भर तुम्ही घाला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि त्याच महिन्यात बर्मा कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांची मिळून फौज) स्लिमच्या हाती आली. मेपर्यंत सुमारे साडेचौदाशे किलोमीटरची माघार. जपान्यांची पद्धत दर वेळी तीच. समोर थोडी माणसं गुंतवायची, मुख्य तुकडी जंगलातून बगलेने काढायची आणि पाठीमागच्या रस्त्यावर अडथळा उभा करायचा. मोटारींवर विसंबलेली फौज रस्ता तुटला की हादरायची, मागे वळायची आणि गाड्या-तोफा सोडून निघायची. स्लिमने यावर काढलेला तोडगा म्हणजे रस्ता तुटला तरी जागा सोडायची नाही, चहूबाजूंनी मोर्चे बांधून बसायचं आणि रसद वरून टाकायची.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानात, ‘ॲडमिन बॉक्स’ या रसदेच्या तळावर हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जमलं. मेसर्वीच्या ७ व्या डिव्हिजनचं मुख्यालय उधळलं गेलं, पण कारकून, खेचरवाले आणि रणगाड्यांचे दोन स्क्वाड्रन खोऱ्यात पाय रोवून राहिले. जपान्यांनी शिधा थोड्याच दिवसांचा आणला होता, पुढचं शत्रूच्या कोठारातून खायचं असा हिशेब. कोठार हाती लागलंच नाही.

इंफाळ त्याच विचाराचा मोठा अवतार. मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन (१५, ३१, ३३) घेऊन चिंदविन नदी ओलांडणार हे दिसत होतं. स्लिमने पुढे जाऊन नदीवर अडवण्याऐवजी इंफाळच्या मैदानापर्यंत मागे यायचं ठरवलं. मैदानावर बारमाही धावपट्ट्या होत्या, रणगाड्यांना वावरायला जागा होती. जपान्यांच्या पाठीशी मात्र चिंदविन, डोंगर आणि येऊ घातलेला पावसाळा. मुतागुचीने साधारण तीन आठवड्यांचा शिधा आणि सोबत बैलांचे कळप घेतले होते, ओझी वाहायला आणि नंतर खायला. बरेच बैल नदीत बुडाले, उरलेले कड्यांवरून कोसळले. कोहिमाला ३१ व्या डिव्हिजनच्या सातोने शेवटी हुकूम मोडून माघार घेतली. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता उघडला. सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी ३० हजारांच्या आसपास मेले, त्यांतले कितीतरी गोळीने नव्हे, भुकेने आणि रोगाने.

माझं म्हणणं एवढंच, की कुठल्या जागी कोणाचं पोट रिकामं होणार हे आधी बघून मग स्लिम लढाई मांडायचा.

ताळेबंद

पर्वतीकर, छान मांडलंत. आकडे मी देतो, नाहीतर बैठकीत सगळे बाण काढत बसतील आणि बाणामागे किती पोती लागतात हे कोणी विचारणार नाही.

डाकोटा विमानाचा बोजा साधारण ६,००० पौंड, म्हणजे २.७ टन. परवडणारा पल्ला सुमारे ४०० किमी. त्यापुढे गेलं की इंधन वाढतं, बोजा घटतो आणि दिवसातल्या फेऱ्या कमी होतात. इतर आघाड्यांवर एका डिव्हिजनला रोजचे ४०० टन लागतात असं धरत, १४ वी आर्मी १२० टनांत भागवायची. भागाकार करा: एका डिव्हिजनमागे रोज ४४-४५ फेऱ्या. एक विमान दिवसाला दोन फेऱ्या करतं असं धरलं, तर प्रत्येक डिव्हिजनमागे २२-२३ विमानं, तीही सगळी धडधाकट.

आता १० डिसेंबर १९४४ बघा. त्या दिवशी पहाटे ७५ अमेरिकन डाकोटा चीनकडे वळवल्या गेल्या. दोन फेऱ्यांच्या हिशेबाने ४०० टन, म्हणजे तीन डिव्हिजनचा रोजचा शिधा-दारूगोळा एका पहाटेत गेला. तेही फौज चिंदविन ओलांडत असताना! नंतर काही विमानं परत मिळाली, पण वेळापत्रक मागे सरकलं ते सरकलंच. जानेवारी १९४५ मध्ये अक्याब आणि रामरी ही किनाऱ्यावरची बेटं घेण्याचा घाट का घातला, त्याचं उत्तर याच ४०० किमीत आहे. कंपास घेऊन चितगाववरून वर्तुळ काढा, मध्य ब्रह्मदेशातलं मेइक्टिला बाहेर राहतं. अक्याब-रामरीवरून काढा, आत येतं.

पॅराशूटचं प्रकरण वेगळंच. रेशीम आणि चांगलं कापड मिळेना, तेव्हा पुरवठाप्रमुख स्नेलिंगने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना कामाला लावलं. तागाचं ‘पॅराजूट’ नेहमीच्या पॅराशूटच्या ८५ टक्के भरवशाचं निघालं. किंमत पौंडाच्या थोडी वर, नेहमीचं वीस पौंडांच्या पुढे. माणसं उतरवायला ते चालत नव्हतं, पण दारूगोळा आणि पेट्रोलला पुरेसं होतं. तांदूळ-आटा तर पॅराशूटशिवायच टाकत. आतलं पोतं सैल भरायचं आणि ते मोठ्या पोत्यात घालायचं. आतलं फुटलं तरी धान्य बाहेरच्यात राहतं. गच्च भरलं की दोन्ही फुटतात.

मुठाकाठ

वरून टाकलेलं नेमकं हवं तिथे पडायचं का? की निम्मं जपान्यांना?

ताळेबंद

जागेवर अवलंबून. डाकोटाच्या बाजूच्या दारातून एका घिरटीत मोजकेच गठ्ठे ढकलता येतात, म्हणून एकेका विमानाला त्याच जागेवर सात-आठ घिरट्या घालाव्या लागत. रुंद भातखाचर असेल तर सोपं. डोंगराच्या सोंडेवर टेकडीएवढी जागा असेल, तर जरा वारा सुटला की पॅराशूट पलीकडच्या दरीत. मार्च १९४४ मध्ये सांगशाकला हेच झालं. ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत आपली मराठा लाइट इन्फंट्रीची ४ थी बटालियन २२ ते २६ मार्च तिथे अडून बसली. मोर्चा इतका आखूड होता की टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्या पदरात पडली. टेकडीवर पाण्याचेही हाल. तरी तेवढ्या दिवसांत जपान्यांचं वेळापत्रक बिघडलं आणि कोहिमा-इंफाळला तयारीला सवड मिळाली. रविवारी सांगशाकला एक स्वतंत्र सोंगटी ठेवा, ही विनंती.

खडकीचा बेलदार

रस्ते आणि पुलांचं कोणी बोलेना म्हणून लिहितो. खडकीला बॉम्बे सॅपर्स आणि दापोडीला सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय) असलेल्या गावात हे चालायचं नाही.

तामूहून कालेवाकडे जाणारं कबाव खोरं. उन्हाळ्यात गुडघाभर धूळ, पावसात चिखल. खडी जवळपास नाही, लांबून आणायला गाड्या नाहीत. इंजिनिअरांचा उपाय म्हणजे ‘बिथेस’: डांबरात बुडवलेलं गोणपाट. रीत अशी. आधी मातीचा रस्ता मधे उंच, कडेला उतरता असा घडवायचा. दोन्ही बाजूंना चर खणायचे. रोलर फिरवून माती घट्ट करायची. त्यावर गजभर रुंदीचे आणि पन्नास गज लांबीचे पट्टे एकाची कड दुसऱ्यावर चढवून अंथरायचे. असा शंभर मैलांहून जास्त रस्ता केला.

ही खडीची जागा घेणारी वस्तू नव्हे, हे ध्यानात घ्या. भार मातीच पेलते, गोणपाट फक्त पाणी अडवतं. म्हणजे माती कोरडी असेपर्यंतच रस्ता. कुठे साखळीचा पट्टा घासून भोक पडलं, तर पाणी आत शिरतं, खालची माती लोण्यासारखी होते आणि पुढची गाडी तिथेच रुतते. त्यामुळे ठरावीक अंतरावर दुरुस्तीची टोळी कायमची बसवावी लागायची आणि चर रोज उपसावे लागायचे. चर तुंबला की रस्ता गेलाच.

कालेवाला चिंदविनवर १,१५४ फुटांचा तरंगता बेली पूल (सुट्या पोलादी भागांचा जोडपूल) १० डिसेंबर १९४४ ला पुरा झाला. तेव्हाचा जगातला सर्वांत लांब बेली पूल. हो, ताळेबंदांनी सांगितलेली विमानं गेली तीच तारीख! पण खरी कमाल त्याच्या बाजूला. नदी मिळाली, नावा नाहीत. मुख्य इंजिनिअर हेस्टेडने काठावरच कारखाना मांडला. सागवान तिथलंच. दहा-दहा टनांच्या साध्या चौकोनी नावा बांधल्या. तीन एकत्र जोडून वर फळ्या टाकल्या की शर्मन रणगाडा जातो. दोन छोट्या तोफनौकाही बांधल्या आणि त्यांना ‘पामेला’ आणि ‘उना’ अशी नावं दिली. पहिली दोस्तांचा सरसेनापती माउंटबॅटनची मुलगी, दुसरी स्लिमची स्वतःची.

सौदामिनी

दादा, तुमचा बिथेस आणि पूल आवडला, पण त्यावरून चालायला माणूस उभा तरी पाहिजे ना?

१९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी म्हणून पाठवलेले १२०. मलेरियाचं वार्षिक प्रमाण एकूण फौजेच्या ८४ टक्के. रोगी हिंदुस्थानात शेकडो मैल मागे जायचा आणि परत यायला पाच-पाच महिने लागायचे. म्हणजे फौज कागदावर पूर्ण, खंदकात निम्मी.

स्लिमने केलेले बदल डॉक्टरी कमी आणि सेनापतीचे जास्त आहेत. पहिला: मलेरियाची उपचार केंद्रं आघाडीपासून काही मैलांवरच. ताप चढल्यापासून २४ तासांत रोगी आत आणि तीन आठवड्यांत पुन्हा पलटणीत. दुसरा: गंभीर जखमींना विमानाने हलवायचं. रसद टाकून रिकामं जाणारं विमान होतंच, फक्त ते उतरेल एवढी पट्टी हवी. तिसरा मेपाक्रिन या मलेरियारोधक औषधाचा. गोळी रोज एक. त्वचा पिवळी पडते, आणि गोळीने पुरुषत्व जातं अशी अफवा, त्यामुळे जवान ती गालात धरून नंतर थुंकायचे. मग अचानक तपासणी सुरू झाली. अख्ख्या पलटणीतल्या प्रत्येकाच्या शरीरात औषध आहे का बघायचं. ९५ टक्क्यांच्या खाली निघालं की कमांडिंग ऑफिसर घरी. तीन जणांना काढल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला.

सूर्यास्ताआधी बाह्या खाली आणि पूर्ण विजार, हा नियमही त्यातलाच. १९४५ पर्यंत आजाऱ्यांचं प्रमाण रोज हजारी एकावर आलं. चौकशी डॉक्टरकडे न करता पलटणीच्या प्रमुखाकडे करायची, ही यातली मेख. औषध तेच राहिलं, जबाबदार माणूस बदलला.

तोफखाना

सगळं ठीक, पण आरती फार झाली. काही प्रश्न.

एक, १९४४ च्या शेवटी आकाश पूर्ण दोस्तांचं होतं. ब्रह्मदेशातला जपानी सरसेनापती किमुराकडे विमानं नाहीत, पेट्रोल नाही, रणगाडे मोजके. अशा शत्रूला हरवण्यात कसलं कौशल्य?

दोन, इंफाळला स्लिमचा अंदाज दोनदा चुकला. १७ व्या डिव्हिजनला इंफाळच्या दक्षिणेकडल्या तिड्डिमहून मागे यायला हुकूम उशिरा गेला, रस्ता मागे तुटला आणि तिला लढत लढत यावं लागलं. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल असं धरलं होतं, आली अख्खी डिव्हिजन. तिथली मूठभर शिबंदी तगली म्हणून निभावलं.

तीन, पालखेड. फेब्रुवारी १७२८ मध्ये निजामाला त्याच्या अवजड तोफांपासून दूर ओढून, दाणापाणी तोडून पहिल्या बाजीरावाने कोंडलं. तेही विमानाशिवाय. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. मग नवीन काय?

पर्वतीकर

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. हुकूम कधी द्यायचा हे स्लिमने कोअर कमांडर स्कून्सवर सोडलं, ते त्याने स्वतःकडे ठेवायला हवं होतं. फक्त पुढचंही बघा. चूक लक्षात येताच त्याने ५ वी डिव्हिजन तोफा-खेचरांसकट आराकानातून विमानाने उचलून इंफाळ-दिमापूरला आणली. त्यासाठी चीनच्या मार्गावरची ‘कमांडो’ नावाची २० मोठी मालवाहू विमानं माउंटबॅटनने आपल्या अधिकारात वळवली. राखीव फौज हलवायची सोय आधीपासून डोक्यात असल्याशिवाय हे काही दिवसांत होत नाही.

पहिल्या मुद्द्याला उत्तर १९४३ ची आराकानातली पहिली चढाई. साधनं तेव्हाही जपान्यांपेक्षा जास्त होती. दोनबाइकच्या बंकरांवर पुन्हा पुन्हा समोरून हल्ले केले, रणगाडे मूठभर पाठवले आणि सगळं पाण्यात गेलं. साधनं असणं आणि ती योग्य जागी एकदम ओतणं यांत फरक आहे.

पालखेडशी साम्य आहेच, आणि म्हणूनच पुणेकरांना ही मोहीम लवकर कळावी. पण बाजीरावाची फौज मुलुखावर जगत होती. स्लिमच्या वाटेवरचा मुलूख ओसाड, तिथे घोड्यालाही चारा नाही. म्हणून त्याला शत्रूचा दाणा तोडण्याआधी स्वतःचा पोचवायची व्यवस्था उभारावी लागली.

आता मुख्य डाव. मूळ बेत होता चिंदविन आणि इरावती यांच्यामधल्या श्वेबोच्या मैदानात लढायचं. डिसेंबरच्या मध्यात कळलं की किमुरा तिथे थांबणार नाही, इरावतीच्या पलीकडे जाऊन बसणार. स्लिमने बेत बदलला तो असा:

३३ वी कोअर उत्तरेकडून मंडालेवर गाजावाजा करत जाणार. ४ थी कोअर गुपचूप पश्चिमेच्या म्यिट्टा खोऱ्यातून ५०० किमीहून जास्त दक्षिणेला उतरून पकोक्कूजवळ नदी ओलांडणार आणि थेट मेइक्टिला गाठणार. मेइक्टिला मंडालेच्या दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किमी. रस्ते, रेल्वे, विमानतळ आणि कोठारं सगळी तिथेच.

लपवाछपवी कशी केली, यावर रविवारी वेळ द्या. ४ थ्या कोअरची १९ वी डिव्हिजन आधीच चिंदविनपलीकडे दिसली होती. ती ३३ व्या कोअरला जोडली आणि जुन्या कोअरचं खोटं मुख्यालय तामूला तसंच ठेवलं. १९ व्या डिव्हिजनचा बिनतारी व्यवहार त्या खोट्या मुख्यालयामार्फत चालू राहिला. खऱ्या कोअरने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खोऱ्यात सर्वांत पुढे पूर्व आफ्रिकन ब्रिगेड ठेवली, म्हणजे जपान्यांना वाटावं की जुनीच आफ्रिकन डिव्हिजन रेंगाळतेय.

ओलांडण्याचा क्रमही बोलका आहे. १९ वी उत्तरेला जानेवारीच्या मध्यापर्यंत पार. किमुराने तिच्यावर राखीव फौज लोटली. २० वी म्यिन्मूला १२ फेब्रुवारीला. किमुराचं लक्ष आणखी तिकडे. आणि १४ फेब्रुवारीला ४ थ्या कोअरची ७ वी डिव्हिजन पकोक्कूजवळच्या न्याउंगूला. हा कुठलातरी छोटा हूल देणारा हल्ला, असं त्याला वाटत राहिलं.

खडकीचा बेलदार

न्याउंगूचं पुढे मी सांगतो, कारण तिथे काय बिघडलं हे शिकण्यासारखं आहे.

वाळूच्या पट्ट्यांमुळे नदी तिरकी ओलांडावी लागत होती, अंतर दोन हजार गजांच्या आसपास. साउथ लँकेशायरची पहिली कंपनी अंधारात हातवल्ह्यांनी आवाज न करता पलीकडे गेली आणि कड्यावर पोचली. इथवर उत्तम. मागच्या कंपन्या यांत्रिक नावांतून जाणार होत्या. लांबच्या प्रवासात खिळखिळ्या झालेल्या नावा गळू लागल्या आणि कित्येक इंजिनं सुरूच होईनात. ज्यांची झाली त्या बाकीच्यांची वाट बघत घुटमळल्या आणि क्रम विस्कटला. तोवर उजाडलं, प्रवाहाने नावा खाली ओढल्या आणि काठावरच्या मशीनगन सुरू झाल्या. उरलेल्यांना मागे फिरावं लागलं. मग तोफा, रणगाडे आणि विमानांचा मारा पलीकडच्या कड्यावर केंद्रित करून दिवसाढवळ्या ४/१५ पंजाब ही बटालियन पार झाली. पुढे सगळं सुरळीत.

बिघाडाचं कारण सोपं. गुप्ततेसाठी आणि वेळेअभावी नावा-इंजिनांची पाण्यातली रंगीत तालीम झालीच नव्हती. पार करून दिलं ते राखीव बटालियन आणि आधीच मोजून ठेवलेल्या तोफांनी.

नगरकर

रणगाड्यांचं माझ्याकडे. मेइक्टिलाकडे कोवानची १७ वी डिव्हिजन आणि २५५ वी रणगाडा ब्रिगेड २१ फेब्रुवारीला निघाली. २६ ला थाबुत्कोनची धावपट्टी घेतली, तिथे एक ब्रिगेड विमानाने उतरवली आणि ३ मार्चला मेइक्टिला पडलं.

बंकर फोडायची रीत आराकानात बसवलेली: आधी आदळताच फुटणारे स्फोटक गोळे मारून झाडोरा साफ करायचा, मग उशिरा फुटणारे गोळे बंकरच्या तोंडावर, आणि पायदळ शेवटच्या काही पावलांवर आलं की पोलादभेदी ठोस गोळे. ते फुटत नाहीत, त्यामुळे आपल्याच माणसांना कपच्या लागत नाहीत आणि आतल्या जपान्याला डोकंही वर काढता येत नाही. क्रम चुकला की आपलीच माणसं जातात.

मेइक्टिलात रणगाडाविरोधी तोफा कमी, म्हणून जपानी शिपाई खड्ड्यात विमानाचा बॉम्ब मांडीत धरून बसायचा, हातात दगड. रणगाडा वर आला की फ्यूजवर घालायचा. तोडगा एकच होता. रणगाड्यापुढे पायदळाची माणसं चालवायची आणि प्रत्येक खड्डा बघायचा. रणगाडा एकटा पुढे गेला की संपला.

पुढे जपानी जनरल होंडाने वेढा घातला आणि धावपट्टीवर तोफा रोखल्या. ५ व्या डिव्हिजनची ९ वी ब्रिगेड माऱ्यातच उतरली, नंतर उतरणं बंद आणि टाकणं सुरू. कोवान मोर्च्यात गप्प बसला नाही. रोज सकाळी रणगाडे आणि पायदळाच्या टोळ्या बाहेर पडून जपानी जमवाजमव मोडायच्या. मार्चअखेर वेढा उठला. मंडाले त्याआधीच, २० मार्चला पडलं होतं.

तोफखाना

नगरकर, पटलं. माझा पहिला प्रश्न मागे घेतो, दुसरा ठेवतो.

रंगूनचं काय? शेवटी ते समुद्रातूनच घेतलं ना?

ताळेबंद

हो, आणि तेही रसदेपायीच. मेइक्टिलाहून रंगून पाचशे किमीच्या आसपास, आणि मान्सून तोंडावर. पाऊस आधी आला असता तर कच्च्या धावपट्ट्या बंद, म्हणजे अख्खी फौज मधेच उपाशी. म्हणून स्लिमनेच समुद्रातून उतरण्याचा आग्रह धरला आणि स्वतःही रस्त्याने धावला. मेच्या सुरुवातीला पाऊस आलाच, ठरल्यापेक्षा लवकर. १७ वी डिव्हिजन पेगूच्या पुढे चिखलात अडकली आणि ३ मे ला रंगूनमध्ये समुद्रातून आलेली फौज शिरली. जपानी आधीच निघून गेले होते. शर्यत हुकली, पण दोन घोडे ठेवले होते म्हणून शहर हुकलं नाही.

सौदामिनी

परमवीर रामा राघोबा राणे यांचं नाव कुणी घेतलं नाही. बॉम्बे इंजिनिअर्सचे, २६ व्या डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीतून आराकानात होते. राजौरीचा रस्ता त्यांनी १९४८ मध्ये मोकळा केला, पण सुरुंग आणि रस्त्याची शाळा आधीची. बेलदारदादांनी यावर पाच मिनिटं घ्यावीत.

खडकीचा बेलदार

घेतो, ताई.

पर्वतीकर

ठरलं तर. रविवारी दोन बाजू: किमुरा तोफखान्यांकडे, स्लिम सौदामिनीताईंकडे. किमुराला ४ थ्या कोअरच्या सोंगट्या दिसणार नाहीत, त्या ताळेबंदांच्या वहीत राहतील. ४०० किमीचं वर्तुळ ट्रेसिंग पेपरवर आधीच काढून आणा, टेबलावर कंपास शोधत बसायला नको. आणि नगरकर, नदी फेब्रुवारीतली धरा. वाळूचे पट्टे दाखवले नाहीत, तर न्याउंगूला सगळे सरळ रेषेत पार होतील आणि बेलदारांच्या नावा गळणारच नाहीत.